बिनटोल्यांचा आठवडा

माझ्या मामाला दुपारच्या झोपेतून उठवायचं असेल तर हाका मारून काही उपयोग नसतो. घरातलं एखादं घड्याळ बंद करायचं. दोन मिनिटांत तो उठून बसतो आणि विचारतो, "कोण थांबलं?"

काय थांबलं नाही. कोण थांबलं.

मामा घड्याळं दुरुस्त करतो. चाळीस वर्षं झाली. खाली दुकान, वर घर, मध्ये चौदा पायऱ्यांचा जिना. त्यातली सातवी पायरी करकरते आणि ती मामाने मुद्दाम तशीच ठेवली आहे. कोण वर येतंय ते तिच्या आवाजावरून कळतं म्हणे. दुकान एवढंसं. गिऱ्हाईक आत शिरलं की मामाला स्टूल मागे सरकवावं लागतं, नाहीतर दोघांच्या नाकांची भेट व्हायची. उजव्या डोळ्याला भिंग, समोर चिमटे, तेलाची बारकी कुपी, आणि बशीत कोणाच्या तरी घड्याळाचं पोट उघडं पडलेलं.

पण बंद घड्याळ टेबलावर आलं म्हणून मामा ते लगेच उघडत नाही. आधी विचारतो, "घरात काय बदललं?"

"घरात काय बदलणार? घड्याळ बंद पडलंय."

"ते दिसतंय मला. घड्याळ आपलं आपण कधी बिघडत नाही. भिंतीला रंग दिला? कपाट हलवलं? कोणी नवीन राहायला आलं?"

गिऱ्हाईक वैतागतं, तरी आठवायला लागतं. "तसं... खिळा बदलला. पण त्याचा काय संबंध?"

"खिळा तुम्ही तिरका ठोकायचा आणि नावं घड्याळाला ठेवायची. न्या घरी, सरळ टांगा, चालेल."

धंदा असा केल्यावर व्हायचं तेच झालं. मामाचं दुकान आहे तेवढंच राहिलं. मात्र माणसं दुरून शोधत येतात.

त्याची दुसरी खोड अशी की दुरुस्त झालेलं घड्याळ तो आठ दिवस परत देत नाही. वर घरात नेऊन टांगतो. "टेबलावर सगळीच शहाण्यासारखी चालतात. माणसांत राहिली की मग गुण कळतात." या घड्याळांना घरात पाहुणे म्हणतात. हॉलमध्ये, जिन्याच्या तोंडाशी, न्हाणीघराच्या दारावरसुद्धा पाहुणे. आणि प्रत्येकाची वेळ दुसऱ्यापेक्षा अर्ध्या मिनिटाने पुढे-मागे लावलेली. सगळ्यांनी एकदम तोंड उघडलं तर कोणाचा घसा बसलाय ते कसं कळणार? त्यामुळे या घरात बारा वाजायला चांगली पाच-सहा मिनिटं लागतात. ताई म्हणजे मामाची मुलगी. मामी गेल्यावर वडिलांना एकटं ठेवायला ती तयार नव्हती, म्हणून तिचा नवरा, आमचे भावजी, तेच इथे राहायला आले. पहिल्या महिन्यात ते ऑफिसच्या फोनवर म्हणायचे, "सर, आमच्याकडे बारा वाजतायत. संपले की करतो."

दोनच प्राणी या घरात कायमचे. एक बोका आणि एक कुत्रा.

बोक्याचं नाव गजर. चारचा पहिला टोला पडला की त्याची बशी भरायची, हा करार. टोला पडल्यावर बशी भरायला उशीर झाला तर तो अशा आवाजात ओरडतो की खाली दुकानातलं गिऱ्हाईक विचारतं, "हे कुठलं मॉडेल?"

कुत्र्याचं नाव लंबक, ते शेपटीवरून. तो आला मात्र घड्याळाबरोबर. दोन गल्ल्या सोडून एक म्हातारे बोटीवरचे इंजिनियर राहायचे, एकटेच. आजारी पडले, हॉस्पिटलात गेले, तिथून काही परतले नाहीत. त्यांचा पुतण्या एक लांबट, काळ्या लाकडाचं, टोले देणारं घड्याळ घेऊन मामाकडे आला. "बंद पडलंय." मामाने उघडून बघितलं. काहीही झालं नव्हतं. आठवड्याची किल्ली संपली होती, द्यायला कोणी नव्हतं, इतकंच. किल्ली दिली, चालू झालं. मामा म्हणतो, आयुष्यातली सगळ्यात सोपी दुरुस्ती.

पुतण्या जिन्यावरून वर आला, तेव्हा त्याच्यामागून एक तपकिरी, मध्यम उंचीचा, लोंबत्या कानांचा कुत्रा वर आला आणि घड्याळाखाली बसला.

"हा पण?" मामाने विचारलं.

"हा त्या घड्याळाला सोडत नाही. आठ दिवस दोघांनाही ठेवून घ्या. आणि भिंत जरा जपा हं, भिंती खरवडतो. काकांच्या भिंतीची वाट लावलीय."

आठ दिवसांची चार वर्षं झाली. पुतण्याने फोनवर कळवलं, ठेवा तुमच्याकडेच. चार वर्षांत लंबकने भिंतीला नखसुद्धा लावलं नाही. "पुतण्याने उगाच बदनामी केली बिचाऱ्याची," मामा म्हणायचा. सकाळी सहाच्या टोल्याला लंबक दाराशी उभा. संध्याकाळी सहाच्या टोल्याला पुन्हा उभा. मामा त्याच्याबरोबर फिरून आला की रेडिओ मोठ्याने लावून दोघं त्या काळ्या घड्याळाखाली बसायचे, एक आरामखुर्चीत, एक जमिनीवर. दर रविवारी मामा त्याला, म्हणजे घड्याळाला, किल्ली द्यायचा आणि लंबक मान वर करून बघत राहायचा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ताईला मुलगा झाला. शनिवारी पहाटे.

शनिवारी संध्याकाळीच विहीणबाई राहायला आल्या, म्हणजे भावजींच्या आई. पस्तीस वर्षं हॉस्पिटलात नोकरी, त्यातली बारा हेड नर्स म्हणून. पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात चष्म्याची दोरी, हातात पुठ्ठ्याची पट्टी आणि तिला चिमट्याने अडकवलेले कागद. सातवी पायरी करकरली तशा त्या तिथेच थांबल्या. "ही दुरुस्त करून घ्या, व्याही."

"बघतो," मामा म्हणाला. मामा "बघतो" म्हणाला की ते काम कधी होत नाही.

मग त्यांनी घराची पाहणी केली. पाळणा हॉलमध्ये, खिडकीपासून दूर. चपला बाहेर. बोका बाहेर... बोक्याने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी ते वाक्य बदललं, "बोका पाळण्यापासून लांब." शेवटी हॉस्पिटलात जायला निघताना म्हणाल्या, "आणि व्याही, बाळ यायच्या आधी घरातला आवाज तेवढा कमी करा."

एवढंच. बाकी काही म्हणाल्या नाहीत. मी तिथेच होते, मला शब्द न् शब्द आठवतो.

रविवारी सकाळी मी पोचले तर मामा शिडीवर.

"मामा, काय करतोयस?"

"आवाज कमी."

एकेक घड्याळ करत त्याने अकराच्या अकरा थांबवली. बोटाने घड्याळाचा लंबक धरायचा, आपोआप डोलणं संपेपर्यंत धरून ठेवायचा, मग हळूच सोडायचा. सगळ्यात शेवटी काळं घड्याळ. तिथे त्याचा हात जरा रेंगाळला.

"अरे, हे तरी राहू दे."

"नको. तान्हं बाळ आहे. झोपेत दचकलं तर? ताई लहान असताना..." बोलता बोलता त्याने तोही लंबक बोटाने धरला. आजोबा झाला म्हणून त्याने नवीन शर्ट घातला होता आणि घडीच्या रेघा तशाच दिसत होत्या.

घर गप्प झालं. नळाचं टपटप ऐकू आलं, जे त्या घरात मी जन्मात ऐकलं नव्हतं. मामा शिडीवरून उतरला आणि इकडे-तिकडे बघत उभा राहिला, पिशवी कुठे ठेवली ते विसरलेल्या माणसासारखा. मग आम्ही हॉस्पिटलात बाळ बघायला पळालो.

मंगळवारी अकरा वाजता बाळ घरी आलं. मूठभर चेहरा, त्यात सगळा कपाळाचाच भाग. ताई थकलेली पण खूश, भावजी नुसतेच खूश. विहीणबाईंनी आल्या दिवसापासूनच्या नोंदी उतरवून फ्रिजवर मोठा तक्ता लावला. दूध किती वाजता, झोप किती, लंगोट किती, ताप. सगळ्यात उजवीकडे एक रकाना, त्यावर लाल शाईने "प्राणी".

"आई, प्राण्यांचा कशाला?" भावजींनी विचारलं.

"वॉर्डात नोंद नसेल ते घडलंच नाही असं समजतात. घरात बाळ आलं की प्राणी बिथरतात. नोंद असलेली बरी."

आणि प्राणी खरोखरच बिथरले.

आधी गजर. त्याचे चार वाजेनात. पहिला दिवस तो बशीजवळ बसून राहिला. दुसऱ्या दिवशी दर पंधरा मिनिटांनी ओरडून बघायला लागला, न जाणो आता झाले असतील. पण बोका जातीचाच व्यवहारी. बुधवारपर्यंत त्याच्या लक्षात आलं की या घरात नवीन घड्याळ आलेलं आहे. ते पाळण्यात असतं, वाटेल तेव्हा वाजतं, आणि वाजलं की कोणीतरी दुधाकडे धावतं. मग काय! बाळ रडलं की गजर स्वयंपाकघरात हजर. जुन्या करारात दिवसाला एक बशी होती, नव्यात आठ-नऊ. आठवड्यात जाडजूड झाला. बाळ झोपलं की पाळण्याखाली जाऊन, मान वर करून, आता कधी वाजणार म्हणून वाट बघायचा.

"बघा, बोक्याने किती लवकर लळा लावून घेतला," विहीणबाई म्हणाल्या.

मी तोंड दाबून हसले.

लंबकचं मात्र काही केल्या जमेना. सकाळी दारात उभं राहायचं कधी ते त्याला कळेना, म्हणून जिन्यात घाण झाली. चार वर्षांत पहिल्यांदा. मामा दुकानात उतरायला निघाला की उंबऱ्यात आडवा पडायचा. ओलांडून गेलं तर पँटचा पाय दातांत. भुंकायचा नाही, गुरगुरायचा नाही, नुसता धरून ठेवायचा. आणि काळ्या घड्याळाखालची भिंत त्याने खरवडायला घेतली. आधी रंग गेला, मग गिलावा, मग तांबडी वीट दिसायला लागली. पंजांना चुना.

"मत्सर," विहीणबाईंनी निदान केलं. "आतापर्यंत घरातलं लाडकं हेच होतं."

"पण आई, तो बाळाकडे बघतही नाही," ताई म्हणाली.

"तेच म्हणते मी. रुसलाय."

मामा वाद घालायला गेला नाही. दुकानातून वर यायचा, भिंतीजवळ बसायचा, लंबकचे पंजे ओल्या फडक्याने पुसायचा. "अरे, काय झालंय तुला? भाचीबाई, तू सांग, काय झालंय याला?" मी काय सांगणार? मी आपली बाळाच्या लंगोटांत बुडलेली.

गुरुवारी मात्र थोडक्यात निभावलं. ताई बाळाला घेऊन उंबऱ्यातून बाहेर येत होती, लंबक तिथे आडवा होता, तिचा पाय अडकला. जिन्याचा कठडा धरता आला म्हणून. बाळाला काही झालं नाही. झोपूनच होतं ते. पण ताई त्याला छातीशी धरून तिथेच खाली बसली.

संध्याकाळी बैठक झाली. विहीणबाईंनी आरडाओरडा केला नाही, उलट आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "मी मोठ्याला, याच्या दादाला, फोन करते. त्याच्याकडे रोपवाटिका आहे, केवढं अंगण. मजेत राहील. शनिवारी पाचला गाडी घेऊन येईल तो."

ताई मामाकडे बघत होती. "बाबा, तुम्ही नको म्हणालात तर..."

"नको कसं म्हणू?" मामा म्हणाला. "तू पडली असतीस तर? घेऊन जाऊ दे."

आणि खाली दुकानात गेला. कुत्रा त्याच्या पँटला लोंबकळत चौदा पायऱ्या उतरला. शुक्रवारभर मामाने एकाही गिऱ्हाइकाला घरात काय बदललं ते विचारलं नाही. घड्याळ घ्यायचं, पावती द्यायची, संपलं. एकीने तर मला बाहेर गाठून विचारलं, "तुझ्या मामाला बरं नाहीये का गं?"

शनिवारी साडेतीनला मी गेले तेव्हा मामा लंबकचं सामान बांधत होता. बशी, ब्रश, जुनी सतरंजी. ताई पाळण्याजवळ बसून डोळे पुसत होती आणि सर्दी झालीय असं सांगत होती. भावजी उगाचच खिडकी पुसत होते. विहीणबाईंनी फ्रिजवरचा तक्ता काढला.

"व्याही, हा बरोबर देते. मोठ्याला कळायला नको का, कुत्र्याच्या सवयी काय आहेत?"

"आरोपपत्र म्हणा ना," भावजी पुटपुटले.

"काय म्हणालास?"

"काही नाही. काच स्वच्छ निघतेय."

मामाने तक्ता हातात घेतला. बारीक अक्षर, सवयीने त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि वरपासून वाचायला लागला. एका ओळीवर थांबला. भिंग काढलं, शर्टाला पुसलं, पुन्हा लावलं.

"विहीणबाई, बाळ घरी आलं कधी?"

"मंगळवारी अकरा वाजता. लिहिलंय तिथे."

"आणि भिंत पहिल्यांदा कधी खरवडली?"

"असेल तिथेच. मी वेळ घातल्याशिवाय नोंद करत नाही."

"वाचा जरा."

विहीणबाईंनी चष्मा चढवला. "रविवार, सायंकाळी सहा. कुत्र्याने हॉलची भिंत खरवडली. पोपडे निघाले." मग त्यांनी तीच ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनात. ओठ हलत होते नुसते.

"बाळ मंगळवारी आलं," मामा हळू म्हणाला, "आणि हा मत्सर रविवारीच करायला लागला?"

"सोमवारी सकाळी जिन्यात घाण," मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. "तेव्हाही बाळ हॉस्पिटलातच होतं!"

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," भावजी खिडकीवरून उतरत म्हणाले.

"थांब रे तू!" विहीणबाईंनी त्यांना गप्प केलं. पण बाई वॉर्डात वाढलेल्या. नोंदीपुढे स्वतःचंही ऐकणाऱ्या नव्हेत. आठवडाभर येता-जाता त्यांनी खाली दुकानात मामाचे गिऱ्हाइकांशी संवाद ऐकले होते. त्यांनी मामाकडे वळून, अगदी त्याच सुरात विचारलं, "मग रविवारी घरात काय बदललं?"

मामा काळ्या घड्याळाकडे बघत होता. काटे दहा वाजून सात मिनिटांवर थांबलेले, आणि बरोबर खाली विटेपर्यंत गेलेलं भोक.

"तेव्हाही हे बंद पडलं होतं," तो म्हणाला. "इंजिनियरसाहेब हॉस्पिटलात होते तेव्हा. किल्ली संपली आणि... पुतण्या म्हणाला होता मला. भिंतीची वाट लावलीय म्हणाला होता. मीच म्हटलं, उगाच बदनामी करतो."

पाळण्याखालून गजरने एकदा वर बघितलं, अजून वाजत नव्हतं.

"घड्याळ थांबलं आणि माणूस परत आला नाही," ताई म्हणाली. "म्हणून तो तुम्हाला जाऊ देत नव्हता, बाबा."

मामा मटकन आरामखुर्चीत बसला. "चाळीस वर्षं लोकांना विचारतोय, घरात काय बदललं, घरात काय बदललं. आणि घरातली अकरा घड्याळं माझ्या हाताने बंद करून बसलोय!"

"पण बंद केलीत कशाला?" विहीणबाई म्हणाल्या.

"कशाला म्हणजे? तुम्हीच म्हणालात ना, घरातला आवाज कमी करा!"

"अहो, मी तुमच्या रेडिओचं बोलत होते!"

"रेडिओचं?"

"केवढ्याने लावता तुम्ही तो! मला वाटलं, घड्याळं तुमचा धंदा आहे, आठवडाभर बंद ठेवायचं काही कारण असेल. मी कशाला विचारू?"

भावजी आधी हसले. मग ताई. हसताना तिला टाके दुखायला लागले तशी ती "आई गं, नका हसवू" म्हणत आणखी हसली. मामा मात्र हसला नाही, तो शिडी आणायला गेला होता.

"थांबा, व्याही." विहीणबाई आडव्या आल्या. "हा सगळा तुमचा अंदाज आहे. कुत्रा उंबऱ्यात पडला आणि सूनबाई पडता पडता वाचली हे खरंच आहे. घड्याळ लावून तो सुधारला नाही, तर पाचला मोठा येतोय."

"कबूल."

"आणि बाळ दचकून रडलं तरीही."

मामा अडखळला. "हातोडीला चामड्याचा तुकडा लावतो. टोला मऊ पडेल."

"नको," विहीणबाई म्हणाल्या, आणि त्या क्षणी त्या मला पहिल्यांदा आवडल्या. "फसवाफसवी नको. कुत्र्याला ओळखीचा आवाज हवा ना? मग होता तसाच वाजू दे. काय ते कळेल."

चारला दहा मिनिटं कमी होती. मामाने काटे फिरवून आणले, वाटेत येणारे टोले हातोडी धरून गप्प ठेवले, किल्ली दिली, आणि घड्याळाच्या लंबकाला बोटाने ढकललं. टिक. टॉक. एका बाजूला जरा जास्त रेंगाळत होता. मामाने घड्याळ केसभर डावीकडे सरकवलं, कान लावला. बरोबर.

उंबऱ्यात पडलेल्या लंबकने डोकं उचललं. एवढंच. उठला नाही.

दहा मिनिटं किती लांब असतात ते त्या घरात मला त्या दिवशी कळलं. भावजी फडकं हातात घेऊन तसेच उभे. ताईचा हात पाळण्यावर. मामा खुर्चीत, पण टेकून नाही. विहीणबाईंनी पेन्सिल काढून तक्त्याला टेकवली.

पहिला टोला पडला. बाळाचे दोन्ही हात झटकन वर गेले.

"दचकला!" मामा कळवळला.

"सगळीच दचकतात या वयात," विहीणबाई कुजबुजल्या. "तो नॉर्मल आहे. गप्प बसा."

दुसऱ्या टोल्याला बाळाचे डोळे उघडले. तिसऱ्याला पाळण्याखालून गजर असा सुटला की भावजींच्या पायांमधून थेट बशीपर्यंत. चौथा टोला पडला, त्याची घणघण हळूहळू विरत गेली, आणि बाळ कपाळाला आठ्या घालून त्या आवाजाच्या दिशेला बघत राहिलं. रडलं नाही.

आणि लंबक उंबऱ्यातून उठला. अंग झटकलं, हॉल ओलांडून आला, मामाच्या पँटकडे बघितलंही नाही, घड्याळाखाली गेला, स्वतःभोवती तीन फेऱ्या मारल्या, आणि पडला. हुश्श करून असा श्वास सोडला की जमिनीवरचा चुना उडाला. शेपूट एकदा इकडे, एकदा तिकडे.

"उठलं मात्र बाळ," विहीणबाई म्हणाल्या, पण त्यात पूर्वीचा जोर नव्हता.

"उठला, पण रडला कुठे?" ताई म्हणाली. "आई, नऊ महिने मी याच घड्याळाखाली बसून पाय वर करून पुस्तकं वाचलीत. त्याने आतून सगळे टोले ऐकले असतील. त्यालाच चुकल्याचुकल्यासारखं होत असेल आठवडाभर."

"काहीतरीच! आठवड्याच्या बाळाला काय कळतंय?"

"मग आवाजाचा त्रास तरी कुठून होणार?"

"उलटतपासणी करू नकोस, दूध पाज."

कारण बाळ आता रडायला लागलं होतं, भुकेने. गजर बशीजवळून धावत पाळण्याकडे आला, अर्ध्या वाटेत थांबला. चार वाजून मिळालेलं होतं, आता हेही वाजत होतं. एवढं भाग्य कुठल्याही बोक्याला झेपलं नसतं. तो मध्येच बसून पाय चाटायला लागला.

मामा म्हणाला, "बघू, उठतोय का." आणि जिना उतरायला निघाला. आम्ही सगळे लंबककडे बघत होतो. त्याने एक डोळा उघडला. घड्याळ चालू होतं. मिटला.

खालून, दुकानातून, मामाने नाक शिंकरल्याचा मोठा आवाज आला.

पाचला सातवी पायरी करकरली. मोठा आला, हातात जाड दोरी आणि पोतं.

"दोरी कशाला आणलीस?" विहीणबाईंनी विचारलं.

"आई, तूच तर फोन केलास! कुत्रा न्यायचाय म्हणालीस!"

"तेव्हाचं तेव्हा. बस, चहा घे. हळू बोल, बाळ आहे."

"मग मी इतक्या लांबून येऊन नेऊ काय?"

"मला ने उद्या सकाळी. इथे आता माझं काय काम? घर रुळावर आलंय."

मोठा लंबकशेजारी बसला, त्याच्या कानामागे खाजवायला लागला आणि भिंतीतल्या भोकाकडे बघून म्हणाला, "अरे बापरे, हे कोणी केलं?"

"मी," मामा म्हणाला.

बाकीची दहा घड्याळं त्याने एकदम सुरू केली नाहीत. रोज एक. पाहुण्यांची एकेक करून ओळख करून द्यावी तशी, आधी बाळाला दाखवायचं, मग लंबकला, मग किल्ली. रेडिओ मात्र अर्ध्यावर आला आणि तसाच राहिला. आता मामा बाळाला मांडीवर घेऊन बसतो तेव्हा पायाशी लंबक असतो, आणि बाळाच्या पायातला मोजा तो अलगद काढून घड्याळाखाली नेऊन ठेवतो. ती नवीनच खोड. ताई म्हणते, मोज्यांचा जोड म्हणून घरात राहिलेला नाही.

भोक मामाने बुजवलेलं नाही. विहीणबाई जाताना तक्ता ठेवून गेल्या, तो त्याने त्यावर खिळ्याने लावलाय. खिळा अगदी सरळ. येणारं-जाणारं माणूस वाचतं. प्राण्यांच्या रकान्यात शेवटची नोंद आहे, लाल नाही, निळ्या शाईने:

"शनिवार, दुपारी चार. टोले चार. बाळ जागे, रडले नाही. बोका: दूध. कुत्रा: झोपला. रविवारची चूक कुत्र्याची नव्हती. पायरी अजून करकरते."